पांढऱ्या कापडामागचं घर

आमचं घर पडकं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मी ते दुरुस्त करायला घेतल्यावर पडकं झालं.

खोडाळ्यात रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणामातीचं लिंपण आणि वर कौलं. आम्ही तिघं राहायचो. मी, माझी बायको सुनंदा आणि बय. बय म्हणजे माझी आई. वडील गेल्यापासून हे घर बयच्याच शब्दावर चालायचं. मी प्राथमिक शिक्षक असल्यामुळे माझा शब्द शाळेत चालायचा. (तिथेही मुख्याध्यापक रजेवर असतील तरच!) घराला म्हणाल तर फारसं काही झालं नव्हतं. एका भिंतीचे पोपडे निघाले होते, चुलीपाशी अंधार असायचा आणि एकदोन वासे वाळवीनं खाल्ले होते. कुठल्याही मिस्त्रीनं दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकून दिलं असतं. पण त्याच वर्षी आमच्या कौलांवर डिश बसली.

डिशवर एक विलायती कार्यक्रम लागायचा, हिंदीत डब केलेला. त्यात एक हसरी बाई आणि एक दणकट माणूस कुणाच्या तरी घरी जायचे. घरच्यांना गोडीगुलाबीनं बाहेरगावी पाठवायचे. मग तो माणूस हातोडी उचलायचा, एक घाव घालायचा की भिंत खाली! जाहिरात लागायची. जाहिरात संपेपर्यंत तिथे नवी भिंत, नवा रंग, नवा ओटा. शेवटी घरावर मोठं कापड टाकायचे, शेजारीपाजारी गप्प उभे राहायचे, घरच्या मंडळींना आणायचे आणि कापड खाली पडलं की ती मंडळी ढसाढसा रडायची. मीही रडायचो.

"तुम्ही का रडताय?" सुनंदा विचारायची. "तुमचं घर आहे का ते?"

"आपलंही तसं होऊ शकतं."

"त्यांच्याकडे तो हातोडीवाला आहे."

"आपल्याकडे मी आहे!"

सुनंदानं टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला निघून गेली. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं. बयनं जन्मभर चुलीच्या धुरात डोळे चोळले. आता तिला असं घर द्यायचं, की कापड पडल्यावर तिनंही ढसाढसा रडावं.

पहिलं काम म्हणजे बयला बाहेरगावी पाठवणं. माझी थोरली बहीण शेवंताताई जव्हारला दिली आहे. पण बय निघेना.

"खळा व्हायचा हाय. भात कोण झोडील?"

"आम्ही झोडू गं. ताईला बरं नाही, थोडे दिवस राहून ये."

बय घाईघाईनं माझ्याबरोबर निघाली. ताईच्या दारात पोचली, तर ताई गोधड्या बडवत होती. एखादी गोधडी आजारी पडली असती, ताई पडली नसती! (ताईला मी खरं सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.) मग मी दुसरी थाप मारली, की आमच्याकडचा हातपंप बिघडलाय, पाण्याचे हाल आहेत, तर पंप होईपर्यंत तू इथेच राहा. बय नुसती माझ्याकडे बघत राहिली एवढंच.

घरी येऊन मी हातोडी उचलली. पुढची खोली आणि स्वैपाकघर यांच्यामधला कुड पाडायचा, म्हणजे सगळं कसं मोकळं मोकळं होणार होतं. टीव्हीतल्यासारखे पाय फाकवले आणि घाव घातला. कुड थोडा मागं गेला, थोडा पुढं आला, आणि हातोडी उलटी माझ्या अंगठ्यावर! शेजारी लक्ष्मण मिस्त्री बिडी ओढत उभा होता.

"गुरुजी, ती कारवी हाय. ती मारानं ऐकत नाय."

"मग कशानं ऐकते?"

"ते मला पण नाय म्हायत. मी विटांचा मिस्त्री."

शेवटी कुड करवतीनं कापला. कापून झाला तेव्हा आम्हाला दोघांनाही आनंद झाला. मग वरून करकर असा आवाज आला आणि छपराचं आढं हळूहळू खाली वाकायला लागलं. तो कुड नुसता आडोसा नव्हता, त्यातल्या मधल्या मेढीवर, म्हणजे खांबावर, अर्धं छप्पर उभं होतं. लक्ष्मणनं धावत जाऊन सागाचा एक ओंडका आणला आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी टेकू दिला.

"राहू द्या थोडे दिवस," तो म्हणाला. (तो टेकू अजून तिथेच आहे. सुनंदा त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.)

त्यात दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती शिमग्यालाच परत येतात. हाताखाली घ्यायला कुणी उरलं नाही. उरला लक्ष्मण मिस्त्री, आणि त्याला मी एक मोठी चूक करून तो कार्यक्रम दाखवला. म्हटलं, आपल्याला काय हवंय ते त्याला कळेल. त्याला कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो थापी बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसायला लागला.

"मिस्त्री, सिमेंट वाळतंय!"

"थांबा ना गुरुजी. त्या बाईचा बाथरूम तरी बघू द्या कसा होतो ते."

"काम कधी करायचं?"

"जाहिरात लागली का उठू."

जाहिरातीत मिस्त्री एक पाटी माल टाकायचा आणि कार्यक्रम सुरू झाला की परत येऊन बसायचा. मी त्याला बोलावं, तर मीही त्याच्या शेजारीच बसलेलो असायचो! आमचं घर उभं राहिलं ते केवळ लोडशेडिंगमुळे. वीज गेली की आम्ही निरुपायानं कामाला लागायचो. सुनंदा परसात तीन दगडांवर स्वैपाक करत होती. धुरानं आणि थंडीनं तिचा आवाज पार बसला. बसलेल्या आवाजातही ती रोज एकच वाक्य म्हणायची, "सासूबाईंना सांगून टाका."

"मग मजा काय राहिली?" मी म्हणायचो.

दर शनिवारी शाळा सुटली की मी जव्हारला जाऊन बयला भेटून यायचो. बय ओसरीवर बसलेली असायची. तिचं गाठोडं बांधलेलं, तिच्या शेजारी.

"माझा घर कसा हाय?"

"छान आहे."

"पंप झाला का?"

"होतोय."

"मला कधी नेतोस?"

"थांब ना बय थोडी. इथं तुला काय कमी आहे?"

यावर तिनं गाठोडं मागं सरकवलं. पुढच्या शनिवारी तिनं ते विचारलंच नाही. गाठोडंही दिसलं नाही. मला वाटलं, चला, रमली! ती रमली नव्हती. लेकानं आपल्याला लेकीच्या दारात आणून टाकलं, आता इथेच मरायचं, असं ती धरून चालली होती. लेकीच्या घरचा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी परतीच्या एसटीत बसून मोरपंखी रंग घ्यावा की पिस्ता, याचा विचार करत होतो.

मध्ये संक्रांत गेली. जुनी माती खरवडून आणि सिमेंट चाळून मला ठसका लागला. चुन्यानं डोळे लाल झाले. अंगठ्याला पट्टी होतीच, आणि परसातलं अर्धंकच्चं जेवून मी वाळलोही होतो. तशा अवतारात बयपुढे जाऊन बसलो. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"तुला काय झालाय?"

"काही नाही गं," मी खोकत म्हणालो.

"डागतरला दाखवला?"

"दाखवलं." (अंगठा!)

"काय बोलला तो?"

"म्हणाला, वेळ लागेल. काळजी करू नको."

बयनं हात काढून घेतला आणि पदर तोंडाला लावला. मी तिला तिळाची वडी दिली आणि निघालो. बाहेर पडताना मला माझाच अभिमान वाटत होता, की एवढे दिवस झाले तरी बयला कशाचा म्हणून संशय नाही!

शिमगा तोंडावर आला आणि घर एकदाचं झालं. म्हणजे तसं दिसायला लागलं. टीव्हीत होता तसा लांबलचक ओटा झाला. तो बसवायला मागचं दार बुजवावं लागलं. खिडक्यांना लोखंडी जाळ्या झाल्या. पुढं नवं दार आलं. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्या दाराला मोरपंखी ऑइलपेंटचा शेवटचा हात मारला. शाळेतून गॅदरिंगचा पांढरा पडदा आणून घराच्या दर्शनी भागावर वरपासून खालपर्यंत सोडला. भट्टीवरून लोक परतले होतेच. त्यांना मी दोन ओळींत उभं केलं आणि शाळेतल्या आवाजात बजावलं, "कुणी बोलायचं नाही. हसायचं नाही. पडदा पडेपर्यंत सगळे एकदम गप्प!"

"मग उभा कशाला ऱ्हायाचा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"बयला आश्चर्य वाटायला पाहिजे म्हणून."

"बरा," म्हातारा म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून गप्प उभा राहिला.

आता निरोप धाडायचा होता. ताईच्या घरासमोर हुसेनभाईंचं किराणा दुकान, तिथे फोन. माझे हात रंगानं बरबटलेले, म्हणून सुनंदाला बूथवर पाठवलं. काय बोलायचं ते घोटून घेतलं. असतील तसे लगेच निघून या. काय झालंय ते फोनवर सांगता येणार नाही. बाकी काही विचारू नका.

"असं सांगायचं? अहो, लोक काय समजतील?"

"समजतील काहीतरी खास आहे!"

सुनंदा जाऊन आली. "हुसेनभाईंना काय झालं कुणास ठाऊक," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ऐकून एकदम गप्पच झाले. मग म्हणाले, भाभी, हिंमत रखो, आम्ही सगळे आहोत."

"बघ! माणसाला कौतुक आहे!"

इथे जरा थांबून आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणी गेलं, तर बाहेरगावच्या नातेवाइकांना 'गेला' असं कळवत नाहीत. धक्का बसू नये म्हणून फक्त 'असाल तसे निघून या' एवढंच कळवतात. ऐकणाराही काही विचारत नाही. तो पायात चपला घालतो आणि निघतो. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. वडिलांच्या वेळी तसे निरोप मीच धाडले होते. पण त्या दिवशी डोक्यात नुसता मोरपंखी रंग होता.

हुसेनभाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि ताईकडे जाऊन मान खाली घालून उभे राहिले. ताईनं हंबरडा फोडला. बय रडली नाही म्हणे. 'मला म्हायतच व्हता,' एवढंच म्हणाली आणि गाठोडं उचललं. दाजींनी जीप सांगितली. जीपमध्ये बय, ताई, दाजी, मामा, दोन चुलत्या आणि स्वतः हुसेनभाई. दाजींनी बाजारातून नारळ, उदबत्त्या आणि पांढरं कापडही घेतलं होतं. माणूस मोठा व्यवस्थित!

इकडे ठरल्याप्रमाणे मी आत जाऊन दार लावून घेतलं. जीपचा आवाज आला की मुख्याध्यापक दोरी सोडून पडदा पाडणार आणि मी हातात ओवाळणीचं ताट घेऊन आतून दार उघडणार, असा बेत होता.

जीप वळणावर आली. आतल्या मंडळींना काय दिसलं? घरावर पांढरं कापड. समोर अख्खा गाव, दोन ओळींत, उघड्या डोक्यानं, चिडीचूप. आणि सगळ्या गावात एक माणूस दिसत नव्हता, तो म्हणजे मी!

बयनं जी किंकाळी मारली, ती ऐकून मुख्याध्यापकांच्या हातातली पडद्याची दोरी सुटायच्या ऐवजी आवळली गेली. सुनंदा धावली. आता आमच्या बायकांची आणखी एक रीत. रडत आलेल्या बाईला आधी गळामिठी घालायची आणि तिच्याबरोबर रडायचं. कोण गेलं, ते मागाहून विचारायचं. मंडळी जव्हारहून रडत आली म्हणजे जव्हारला कुणीतरी गेलं, असं समजून सुनंदानं बयच्या गळ्यात पडून गळा काढला.

"कसं हो झालं असं!" सुनंदा म्हणाली.

"तूच सांग गं बाय, कसा झाला!" बय म्हणाली.

सून एवढी रडतेय म्हटल्यावर बयची उरलीसुरली आशा संपली. बय एवढी रडतेय म्हटल्यावर गावातल्या बाया पुढं सरसावल्या. गावाला वाटलं जव्हारचं कुणी गेलं, जव्हारकरांना वाटलं मी गेलो, आणि सगळे एकमेकांचं सांत्वन करत होते. म्हाताऱ्यानं टोपीनं डोळे पुसले. लक्ष्मण मिस्त्री तर हुसेनभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. दोघांची ओळखसुद्धा नव्हती!

मी आत उभा. बाहेरचा आक्रोश ऐकून मला भरून आलं. म्हटलं, वा! टीव्हीत तरी चारदोन माणसं रडतात, इथे गावच्या गाव रडतंय! मी ताट सावरलं आणि दार ओढलं. दार हललं नाही. ओला ऑइलपेंट चौकटीला चिकटून बसला होता. पुन्हा ओढलं. कडी माझ्या हातात आली. मागच्या दाराकडे वळलो, तर तिथे ओटा. खिडकीला जाळी, आणि जाळीपुढे पडदा. तेवढ्यात बाहेरून माझं नाव ऐकू आलं.

"भास्करा रं! माझ्या लेका रं!"

जिवंतपणी आपल्या नावानं घातलेला शोक ऐकायला मिळणं ही भाग्याची गोष्ट असेल, पण मला ती सहन झाली नाही. बय म्हणत होती, "मला लेकीच्या दारात ठेवला आणि एकटाच दुखणा काढलास रं! मला वाटला, तुला मी जड झाली. मी मनात तुला शिव्या दिल्या रं! मला घरातनं काढला असता तरी चालला असता. तू ऱ्हायला पायजे व्हतास. माझा घर नको, काय नको, माझा लेक द्या!"

मी ताट खाली ठेवलं. ओटा, जाळ्या, मोरपंखी रंग, सगळं माझ्याभोवती नवंकोरं उभं होतं आणि ज्या माणसासाठी ते केलं ते दाराबाहेर मातीत लोळत होतं. मी रडलो. मग ओरडलो, "बय! मी आहे!" पण त्या कल्लोळात माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मुख्याध्यापकांना अशा प्रसंगांची सवय होती. बयच्या तोंडी माझं नाव ऐकून, मघाशी आत गेलेले गुरुजी आतच गेले, असं आता गावाबरोबर त्यांनाही वाटलं, आणि त्यांनी खडा आवाज लावला, "आपण सर्वांनी स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या!" सवयीनं सगळे गप्प झाले. बायकांनीही श्वास घ्यायला हुंदका आवरला. आणि त्या शांततेत आतून दारावर धपाधप लाथा ऐकू आल्या.

"गुरुजी!" कुणीतरी किंचाळलं. "गुरुजींचा आत्मा!"

मी मागं सरकून सगळ्या अंगानिशी दारावर धडक दिली. दार उघडलं नाही. लक्ष्मण मिस्त्रीनं बसवलेली चौकटच भिंतीतून सुटली! दार, चौकट, पडदा आणि मी असे सगळे मिळून अंगणात पडलो. धडपडत उठलो, तेव्हा पांढरा पडदा डोक्यापासून पायापर्यंत माझ्याभोवती गुंडाळलेला होता आणि हात मोरपंखी होते.

अंगण रिकामं झालं. म्हातारा सगळ्यांच्या पुढं पळाला. दाजी नारळ टाकून जीपखाली शिरले. मामा गावाच्या वेशीवर सापडले. सुनंदासुद्धा ताईचा हात धरून कुंपणापर्यंत गेली. (पुढं तिनं सांगितलं, ताईला सोबत म्हणून!)

बय तेवढी पळाली नाही. ती उठली, पदर खोचला, सरळ माझ्यापर्यंत चालत आली आणि तिनं माझ्या तोंडावरचा पडदा ओढला. क्षणभर बघितलं आणि काडकन मुस्काटात ठेवून दिली.

"मेल्या!" ती म्हणाली. (गावाचंही तेच मत होतं.) आणि मग मला असं आवळून धरलं की दारानं जे हाड मोडलं नव्हतं ते मोडेल असं वाटलं.

यथावकाश मंडळी एकेक करून परत आली. मी जिवंत आहे याचा सगळ्यांना आनंद झाला म्हणावं, तर तसं काही दिसेना. मघाशी 'देवमाणूस होता' म्हणणारा म्हातारा आता म्हणाला, "ह्याला आधीपासूनच अक्कल कमी." मेल्यावर माणसाचं कौतुक होतं, हे ऐकून होतो. तो जिवंत निघाला तर केलेलं कौतुक परत घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. हुसेनभाई तेवढे माझा मोरपंखी हात हातात घेऊन बराच वेळ हसत बसले.

संध्याकाळी बय घरात आली. दार नव्हतंच, त्यामुळे सरळ आत आली. मी आशेनं तिच्या मागे मागे.

"ओटा बघ बय. आता वाकायला नको. खिडक्या बघ, उजेड केवढा आलाय. रंग बघ ना!"

"बघीन," ती म्हणाली. "आधी तुझा तोंड बघू दे."

ती टेकूला पाठ लावून बसली आणि मला समोर बसवून भाकरी खायला लावली. घराकडे तिनं मान वळवून पाहिलं नाही. मला राहवेना.

"बय, एक सांग. एवढा गाव भूत म्हणून पळाला. तुला भीती नाही वाटली?"

"कशाला वाटंल?" बय शांतपणे म्हणाली. "भूत असता तर बंद दारातनं सरळ बाहेर आला असता. चौकटीसकट दार घेऊन बाहेर पडणारा येडा माझाच असणार, हे मला आवाजावरनंच कळला."